इमारत क्रमांक तीनवरील ॲन्टेना हा कपड्यांची तार नसल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
वाहतूक कर्मचारी वसाहत कार्यालय,
तळमजला, जिन्याखाली.

विषय : माझ्या ॲन्टेनास 'कपडे वाळवण्याची तार' म्हणून दिलेली मंजुरी रद्द करून तो पूर्ववत उभा करू देण्याबाबत.

संदर्भ : १) माझा गेल्या महिन्याच्या २० तारखेचा अर्ज.
२) आपले २६ तारखेचे मंजुरीपत्र.
३) आपल्या मुकादमांनी या महिन्याच्या २ तारखेस कापलेले तारेचे दोन तुकडे (सोबत जोडले आहेत).

महोदय,

मी चौथ्या मजल्यावरील खोली ४११ मध्ये राहते. माझे पती मालट्रक चालवतात व महिन्यातून दोन दिवस घरी असतात. आम्हाला अकरा महिन्यांची मुलगी आहे. ती झोपल्यावर मी हा अर्ज लिहायला घेते आणि ती उठली की ठेवून देते, त्यामुळे अक्षरात फरक दिसल्यास तो माझाच समजावा.

१. दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारी साडेचारच्या सुमारास पतींचा ट्रक टेकडीपलीकडच्या मोठ्या रस्त्यावरून जातो. तिथे थांबण्याची त्यांना मुभा नाही आणि फोन त्या पट्ट्यात लागत नाही. मात्र ट्रकमध्ये सीबी रेडिओ, म्हणजे दोन्हीकडून बोलता येणारा रेडिओ, आहे, तसाच एक घरी आहे, आणि साधारण बारा मिनिटे ते आमच्या टप्प्यात असतात. एरवी ते व्हिडिओ फोन करतात तेव्हा बाळ फोन चाटते, बापाकडे बघतही नाही. रेडिओवर मात्र "घर, ऐकतंय का?" असा आवाज आला की हातातले टाकून रांगत येते आणि सेटच्या आवाजाच्या जाळीला गाल लावून बसते. घरात 'बाबा' म्हणजे ती जाळी.

२. सेटसोबत मिळालेल्या, खिडकीत लावायच्या ॲन्टेनाच्या काडीवर नुसती खरखर यायची. दुकानदार मला छपराएवढा खांब विकायला निघाले होते. मी त्याऐवजी डायपोल निवडला, कारण तो घरी करता येतो : तारेच्या दोन सारख्या भुजा आणि मधोमध जोडलेली, खाली रेडिओकडे जाणारी केबल. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त लाइनमन काका मदतीला आले. मी आधी भुजा आडव्या ताणल्या होत्या. ते बघून म्हणाले, "पोरी, ट्रकवरची काडी उभी असते. तो उभा बोलणार आणि तू आडवी ऐकणार, मग भेट कशी व्हायची?" म्हणून आम्ही लाकडी काठीला एक भुजा वर व एक खाली अशी बांधली आणि केबल मधून बाजूला नेली. बाळ पाठीशी बांधून मी बोटाबोटाने तार छाटत गेले, लांबी जुळली की नाही ते दाखवणारा मीटर बघत गेले. भुजा दोन मीटर बासष्ट सेंटिमीटरवर आल्या तेव्हा काटा जागेवर बसला. आवाज असा स्वच्छ आला, की पतींना सर्दी झाल्याचे मला त्यांच्याआधी कळले.

३. विनापरवानगी काही ठेवू नये, म्हणून मी आपण होऊन अर्ज केला. इथेच माझे चुकले. आपल्या छापील नमुन्यात गच्चीसाठी तीनच चौकटी आहेत : पाण्याची टाकी, कुंड्या, कपड्यांची तार. आपल्या लिपिकांनी विचारले, "बाई, तारच आहे ना?" मी खरे बोलले, हो म्हणाले. त्यांनी तिसऱ्या चौकटीत खूण केली आणि सहा दिवसांत मंजुरी आली. मी पेढे वाटायच्याच बेतात होते. पाठीमागच्या अटी नंतर वाचल्या : तार आडवी असावी, पाच मीटरपेक्षा लांब नसावी, सर्व रहिवाशांना वापरास खुली असावी.

४. दोन तारखेस मुकादम पक्कड घेऊन वर आले. त्यांनी ॲन्टेना आडवा केला, मापला, आणि तो पाच मीटर चोवीस भरल्यावर दोन्ही टोकांकडून बारा-बारा सेंटिमीटर कापून टाकला. मी म्हटले, याची लांबी लहरीप्रमाणे ठरलेली आहे. ते म्हणाले, "लहरीप्रमाणे चालायला हे काय माहेर आहे?" ज्या कामाला मला नऊ दुपारी लागल्या, ते त्यांनी चहा गार व्हायच्या आत संपवले. आता मीटरचा काटा लाल पट्ट्यात जातो. मी बोलले तर सेट तापतो आणि माझा आवाज टेकडीपर्यंतही जात नाही.

५. त्याच दिवशी जिन्यात नोटीस लागली : 'नवीन तार सर्वांसाठी खुली.' रहिवाशांना मी दोष देत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ओली गोधडी टाकली, तेव्हा मी वर धावले. त्या म्हणाल्या, "अगं, ऑफिसनेच लिहिलंय. तूही घाल की तुझी दुपटी!" महोदय, लपवत नाही, गुरुवारी दुपटी साठली होती, ऊन चांगले होते, मीही घातली. माझ्या नवऱ्याच्या आवाजावर मी माझ्या हाताने दुपटी वाळत घातली, याची मला जितकी लाज वाटते तितकी आपल्या कार्यालयाला कशाचीही वाटत नसावी.

६. परंतु सोमवारपासून त्या तारेवर आपल्या कार्यालयाचे संडास पुसायचे फडके वाळत आहे. ते पिळलेलेही नसते. त्याचे काळे पाणी जोडावर ठिबकते आणि केबलवरून ओघळत माझ्या खिडकीत उतरते. काल सकाळी बाळाने ती केबल हातात धरली होती आणि हात तोंडाकडे नेला होता. मी तिचे हात तीनदा धुतले. तेव्हापासून तो वास माझ्या नाकातून जात नाही आणि जेवणावर मन बसत नाही. शिसारी हा शब्द अर्जात शोभत नसेल, तर योग्य तो शब्द आपण घालून घ्यावा.

७. कालच, दहा तारखेस, साडेचारला ते टप्प्यात आले. खरखरीतून तुकडे ऐकू येत होते : "घर... ऐकतंय का... चिमणे..." आडव्या तारेवर इतकेच पोहोचले. मी उत्तर देत होते, त्यांना काही मिळत नव्हते. बारा मिनिटे तो माणूस स्वतःच्या घराला, घरी कोणी आहे का, असे विचारत गेला. बाळाने जाळीला गाल लावला, मग थोपटले, मग सेटच्या मागे जाऊन पाहिले. तिथे भिंत होती. ती रडली नाही. परत येऊन पायाच्या बोटांशी खेळत बसली. रडली असती तर बरे झाले असते.

८. मी मुकादमांना ॲन्टेना उभा करू द्या म्हटले. उत्तर मिळाले, "उभी तार म्हणजे खांब. खांबाचा नमुना वेगळा." तो नमुना झेंड्याच्या खांबाचा आहे. 'ध्वजाचा रंग' या रकान्यात मी 'ध्वज नाही' लिहिले, म्हणून अर्ज अपूर्ण ठरला. आणि आज सकाळी आपले पत्र आले, की माझ्या तारेवर कपड्यांचे प्रमाण कमी आढळल्याने ती शुक्रवारी, १३ तारखेस, टाकीमागे हलवण्यात येईल. टाकी लोखंडी आहे आणि नेमकी टेकडीच्या बाजूला आहे.

तरी विनंती अशी, की ती मंजुरी रद्द करावी. चौकट नसल्यास कोऱ्या कागदावर 'हरकत नाही' एवढे दोन शब्द लिहावेत. नव्या भुजा मी मापून कापून ठेवल्या आहेत. लाइनमन काका काठी बांधून देतील. आपल्या माणसांनी हात लावू नये, एवढीच त्यांची मदत पुरे.

ही घाई कशासाठी, तेही सांगते. गेल्या महिन्यात पती घरी आले तेव्हा बाळ त्यांचा चेहरा पाहून किंचाळले. माझ्या खांद्यात नखे रुतवली. ते बिचारे पिशवी हातात घेऊन उभे. मग काय सुचले कोण जाणे, ते स्वयंपाकघराच्या दारामागे गेले आणि तिथून म्हणाले, "घर, ऐकतंय का?" बाळ गप्प झाले. खाली उतरले आणि रांगत त्या दारापाशी गेले.

येत्या २२ तारखेस ते पुन्हा येणार आहेत. तोपर्यंतच्या सहा फेऱ्यांपैकी तीन आपल्या पाच मीटरांत वाया गेल्या; तीन उरल्या आहेत. एवढ्या लहान जिवाला आवाज किती दिवस लक्षात राहतो, हे मला माहीत नाही आणि करून बघायचे नाही. पती दारामागून हाक मारतील तेव्हा ती कोणाची, हे तिला कळले पाहिजे.

नम्रपणा संपत आला असला तरी अद्याप आपलीच,

(सही)
रहिवासी, खोली ४११
दिनांक : ११, बुधवार

सोबत :
१) तारेचे तुकडे दोन, प्रत्येकी बारा सेंटिमीटर. परत नकोत.
२) मीटरच्या काट्याचे फोटो, कापण्यापूर्वीचा व नंतरचा.
३) झेंड्याच्या खांबाचा नमुना, ध्वजाविना.
४) आपले फडके जोडलेले नाही. ते वर आहे. शुक्रवारी साडेचारच्या आत कोणीतरी येऊन घेऊन जावे.