तिघांचं रॉक नाटक आणि चौथा मी

काचीगुडा, हैदराबाद

ती. जयवंता आक्का हिला धाकट्या श्रीपतीचा सप्रेम जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? (तेल लावतेस ना, की नुसतं कपाटात ठेवलंस?) भाऊजींनाही जयभीम सांग. इकडे आम्ही खुशाल आहोत. माझा डावा कान तेवढा शनिवारपासून शिट्टी वाजवतोय, म्हणून फोनऐवजी पत्र.

झालं असं, की शनिवारी संध्याकाळी आपल्या गीतानं आम्हां दोघांना हिमायतनगरला नाटकाला नेलं. संगीत नाटक आहे, एवढंच म्हणाली. मी इस्त्रीचा सदरा घातला. गीताच्या आईनं डबाभर चिवडा घेतला (संगीत नाटक पहाटेपर्यंत चालतं, हा तिचा समज). गेलो तर मिठाईच्या दुकानावरचा एवढासा हॉल, आणि स्पीकर मात्र आपल्या लोखंडी कपाटाएवढे. पहिलं गिटार वाजलं तेव्हा डब्यातले शेंगदाणे उड्या मारू लागले. कोपऱ्यातले वाजवणारे सोडले तर नाटकात माणसं तीनच, दोन पोरं आणि एक पोरगी. बाकीची सगळी कामं टोप्या करत होत्या. टोपी बदलली की पोलीस, ओढणी घेतली की आजी. एक दाढीवाला पोरगा तर स्वतःच चोर आणि स्वतःच त्याच्या मागं धावणारा पोलीस होता. त्यानं स्वतःला पकडलं तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

पुढं त्या दाढीवाल्याला लग्न करायचं होतं आणि मुलीच्या बापाची परवानगी हवी होती. पण बाप व्हायला कुणी उरलं नव्हतं (दुसरा पोरगा नेमका आजी झालेला). मग हा गातगातच खाली उतरला, "बाप किदर है? छुपो नक्को!" लोक हसले, मीही हसलो. तेवढ्यात गीताच्या आईनं माझा हात धरून वर केला आणि ओरडली, "हौ, इदर है!" (एरवी ही बसमध्ये कंडक्टरला हाक मारायलाही लाजते.)

वर नेऊन मला जरीची टोपी घातली. दाढीवाला कानाशी म्हणाला, "अंकल, पहले नक्को बोलो, फिर हौ बोलो." मी माइकमध्ये असा काही नक्को म्हणालो की ड्रमवाला दचकून थांबला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आक्का, खोटं कशाला सांगू, मला चटक लागली. पुन्हा नक्को, पुन्हा नक्को, मग पाय आपटून ठेक्यात नक्को. दाढीवाला घामाघूम. शेवटी आजी जाड्या आवाजात पुटपुटली, "अंकल, हॉल खाली करना है." मग मी हौ म्हणालो, दोघांच्या डोक्यावर हात ठेवले आणि 'सुखी राहा' असं लांबलचक गायलो.

खाली आलो तर गीता रडत होती. मला वाटलं, बापाची कला पाहून. ती म्हणाली, "बाबा, तो दाढीवालाच वंशी." म्हणजे तिच्या ऑफिसातला तो तेलुगू पोरगा, ज्याच्याशी तिला लग्न करायचंय आणि ज्याचं नाव निघालं की मी पेपर तोंडापुढं धरत होतो. मी भडकलो, ही फसवणूक झाली म्हणालो. गीताची आई शांतपणे म्हणाली, "हॉलभर लोकांसमोर आशीर्वाद दिलात. आता काय ध्वनिक्षेपक लावून परत मागणार?" तेवढ्यात वंशी आला. मघाशी चार-चार माणसं झालेला पोरगा माझ्यापुढं एकटा उभा राहिला आणि नमस्काराला वाकला, तर त्याची पोलिसाची टोपी माझ्याच पायावर पडली. मला तो तिथंच आवडला. (बोललो मात्र सोमवारी. बापानं लगेच कबूल होणं बरं दिसत नाही.)

तुझा धाकटा,
श्रीपती

ता. क. वंशीच्या घरचे येत्या रविवारी येताहेत. थोरलं माणूस म्हणून तू हवीस. शनिवारीच ये.

ता. क. २. येताना भाऊजींचा काळा कोट आण. पाहुण्यांसाठी नव्हे. शनिवारी नाटकाचा पुन्हा प्रयोग आहे आणि नाटकवाल्यांनी बापाचं काम मलाच दिलंय. या खेपेला हौ म्हणायचं की नाही, ते टाळ्या बघून ठरवीन. गीताला सांगू नकोस.