भिंतीवरचा तांब्या

४ ऑक्टोबर, सोमवार

परत पाठवला! तिसऱ्यांदा! अर्जात एक शब्द अशुद्ध नाही, एक रकाना रिकामा नाही, तरी परत. कारण विचारले तर कारकून म्हणाला, "आजोबा, प्रतिज्ञापत्र कुठंय?"

प्रकरण एकदा क्रमाने लिहून ठेवतो. डोक्यातला संताप कागदावर तरी उतरेल. आमच्या घरामागचा ओढा खालच्या तलावाला मिळतो. तो तलाव दोन वर्षांपासून शेवाळला आहे, मासे मरून काठाला लागतात, आणि त्याचे पाणी पिणाऱ्या वस्त्यांत पोटाचे विकार पसरले आहेत. म्हणून नगरपालिकेची आज्ञा निघाली — ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या घरांनी संडासाच्या जुन्या टाक्या काढून पक्क्या टाक्या बांधाव्यात. खर्चाचा मोठा भाग अनुदान म्हणून मिळेल. अर्जाची मुदत पंचवीस तारीख. त्यानंतर सारा भार घरमालकावर, आणि वर दंड. माझ्या निवृत्तिवेतनाला तो भार पेलणारा नाही.

हेतूविषयी तक्रार नाही. पाण्याला माता म्हणणारी सूक्ते मी वयाच्या आठव्या वर्षापासून म्हणत आलो आहे. जलाशयात मळ टाकणाऱ्याला शास्त्राने काय म्हटले आहे, ते मला कार्यालयाने शिकवण्याची आवश्यकता नाही. परंतु त्या प्रतिज्ञापत्राचा मजकूर पाहा: "माझ्या घरातील टाकीमुळे जलस्रोत दूषित होत आहे." आणि खाली माझी स्वाक्षरी! न केलेल्या पापाची कबुली मी अनुदानासाठी देऊ?

५ ऑक्टोबर, मंगळवार

पूजेचा तांब्या आज पाऊण तास उशिरा आला. स्नान करून, सोवळे नेसून ताटकळत बसलो. आळस, दुसरे काय!

नळालाही पाणी उशिरा आले म्हणून सूनबाई सकाळभर कुरकुरत होत्या. चिरंजीव नोकरीनिमित्त परगावी. घराचा सगळा गाडा त्याच ओढतात, म्हणून मी बोललो नाही.

७ ऑक्टोबर, गुरुवार

प्रतिज्ञापत्राचा मजकूर मी सुधारून नेला. "माझ्या घरातील टाकीमुळे जलस्रोत दूषित होत असल्याचे अद्याप कोणत्याही प्रमाणाने सिद्ध झालेले नसले, तथापि लोकहितास्तव..." — चांगले नऊ ओळींचे वाक्य, आणि कोठेही अन्वय ढळलेला नाही.

हा कारकून प्रत्येक वाक्याच्या मध्ये थांबून चहाचा घोट घेतो. मी मनातल्या मनात त्याचे नाव अर्धविराम ठेवले आहे. त्याने नऊ ओळी वाचल्या. घोट घेतला. "आजोबा, लिहिलंय झकास." घोट. "पण आम्हाला 'होत आहे' एवढंच पाहिजे."

"आणि होत नसेल तर?"

"होत नसेल तर अनुदान कशाला पाहिजे?"

मागच्या रांगेत लोक हसले! चाळीस वर्षे मुलांना तर्कशुद्ध लिहायला शिकवले, आणि आज एका कारकुनाने मला तर्काच्या पेचात पकडावे!

८ ऑक्टोबर, शुक्रवार

आणखी दोन कागद हवेत. टाकीचा नकाशा. आणि लगतच्या जमीनमालकाची संमती.

लगतचा जमीनमालक म्हणजे धाकटा भाऊ.

११ ऑक्टोबर, सोमवार

तीन दिवस लिहावेसे वाटले नाही.

वडिलांनी वाटणी केली तेव्हा घर आणि देवघर माझ्याकडे आले. उतारावरची खालची जमीन आणि विहीर धाकट्याकडे गेली. वाटणीपत्रात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले — देवाच्या पूजेसाठी विहिरीच्या पाण्याचा एक तांब्या धाकट्याने रोज थोरल्यास द्यावा. त्याप्रमाणे तो रोज पहाटे मधल्या भिंतीवर भरलेला तांब्या ठेवतो. मी पूजा आटोपून रिकामा ठेवतो. आमच्यात उरलेला व्यवहार एवढाच.

अकरा वर्षांपूर्वी तो एका बाटलीत पाणी घेऊन आला होता. "दादा, वास घेऊन बघ. तुझी टाकी गळतेय, विहिरीत उतरतंय." मी वास घेतला नाही. ज्या पाण्याने तीन पिढ्या देव न्हाला, त्या पाण्याला दुर्गंध येतो म्हणतोस? तांब्या देण्याचा कंटाळा आला असेल तर तसे स्पष्ट सांग! — असे मी म्हणालो. त्याने बाटली अंगणात ओतली आणि गेला. तेव्हापासून अबोला.

परंतु तांब्या एक दिवसही चुकलेला नाही. हेच माझे प्रमाण! पाणी खरोखर दूषित असते, तर देवासाठी त्याने ते भिंतीवर ठेवले असते का? धाकटा हट्टी आहे, नास्तिक नाही.

१३ ऑक्टोबर, बुधवार

संमती मिळाली! सूनबाई परस्पर जाऊन सही घेऊन आल्या. "काकांनी कागद वाचलासुद्धा नाही, बाबा. पेन कुठंय एवढंच विचारलं."

वाचलाही नाही! मनाला काही खात असल्यावाचून मनुष्य न वाचता सही करत नाही.

जेवताना सूनबाई एकदम म्हणाल्या, "काकांना नळ मिळत नाही, ठाऊक आहे तुम्हाला? अंगणात विहीर आहे ना, म्हणून यादीत नावच बसत नाही. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून दोन कॅन आणतात रोज. बहात्तराव्या वर्षी!"

आणतो, ते मी खिडकीतून रोज पाहतो. घरची विहीर सोडून माझ्या फाटकासमोरून कॅन मिरवीत न्यायचे — मला टोचावे म्हणून! अकरा वर्षे चाललेले हे नाटक मला समजत नाही असे त्याला वाटते काय?

हे मी बोललो. सूनबाईंनी ताट उचलले आणि आत गेल्या.

१६ ऑक्टोबर, शनिवार

नकाशा कोठेच सापडेना. शेवटी टाकी बांधणाऱ्या गवंड्याकडे गेलो. आता त्याला दिसत नाही, पण माझा आवाज ओळखला. "या गुरुजी! टाकी तुंबली का?"

मी म्हणालो, नकाशा हवा. तो हसत सुटला. "नकाशा कसला! तुमची पावलं हाच नकाशा. मी म्हणत होतो घराच्या मागं खणू, पाइप कमी लागेल. तुम्ही म्हणालात, देवघरापासून लांब. खुंटी मारली की, आणखी लांब! असं करत करत कुंपणाला टेकलात. शेवटी मीच म्हटलं, गुरुजी, आता पुढं सरकलात तर विहिरीत पडाल."

विहिरीत पडाल. मला हे आठवत नाही. — आठवते. त्या वेळी मी तिशीचा होतो. देवाच्या स्थानापासून अमंगळ वस्तू किती अंतरावर असावी याविषयी दोन ग्रंथांत मतभेद आहे. मी दोन्हीपेक्षा अधिक अंतर धरले होते. त्याचा मला अभिमान होता.

"आणि तळ?" मी विचारले.

"तळ कुठला? चारी बाजूंनी विटा आणि खाली माती. तेव्हा तशाच बांधायचे सगळे."

घरी येऊन पाठाला बसलो. दोनदा ओळ चुकली.

१८ ऑक्टोबर, सोमवार

अर्धविरामाने तोडगा काढला. प्रतिज्ञापत्र मान्य नसेल तर तपासणी मागता येते. संडासात हिरवा रंग टाकायचा. काही दिवसांत ओढ्यात किंवा विहिरीत दिसला तर टाकी दोषी, न दिसला तर निर्दोष. निर्दोष ठरलो तर अनुदान नाही, मात्र टाकी बदलण्याची सक्तीही नाही. उत्तम! मी तपासणी मागितली. ओतू दे रंग. सत्याला रंगाचे भय नाही.

सूनबाई म्हणाल्या, "बाबा, सही केली असतीत तर आत्तापर्यंत खड्डा खणून झाला असता."

२० ऑक्टोबर, बुधवार

निरीक्षक बाई आल्या. वय तिशीच्या आत, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, बोलणे थेट. रंगाची पूड ओतली आणि म्हणाल्या, "तीन दिवस नेहमीसारखं पाणी वापरा, आजोबा. रंग जातोय का म्हणून सारखं डोकावू नका."

मी कशाला डोकावेन!

(चार वेळा डोकावलो.)

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

ओढा स्वच्छ! सकाळ-संध्याकाळ काठी टेकत स्वतः जाऊन पाहिला. तळाचा प्रत्येक गोटा दिसतो. आणि भिंतीवरचा तांब्या — नितळ! देवावर अभिषेक करताना धार मुद्दाम उजेडात धरली. हिरव्याची छटाही नाही. ओढाही साक्षी, विहीरही साक्षी!

कार्यालयाला पत्र लिहायला घेतले आहे. "आपल्या प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यात निरपराध नागरिकास अपराधी गृहीत धरण्यात आले असून..." फार दिवसांनी लेखणी अशी सरसर चालली. धाकट्यालाही एक ओळ लिहावी काय? अकरा वर्षांपूर्वीच्या त्या बाटलीविषयी? नको. जिंकलेल्याने मौन धरावे.

२३ ऑक्टोबर, शनिवार

निरीक्षक बाई सकाळी आल्या त्या ओढा पाहून थेट खाली विहिरीकडे गेल्या. मी पूजेत होतो. तासाभराने अंगणात येऊन त्यांनी पायरीवर काचेची बाटली ठेवली.

हिरवी. कोवळ्या पानासारखी हिरवी.

मी म्हणालो, अशक्य! आज पहाटे त्याच विहिरीचा तांब्या माझ्याकडे आला आहे, अर्धा अजून देवघरात आहे, स्वतः पाहा! त्याने वैराने विहिरीत रंग कालवला असेल! बाई शांतपणे म्हणाल्या, "आणा बरं तो तांब्या." मी आणला. त्यांनी लहान नळीत चार थेंब घेतले, वरून कसलेसे औषध टाकले. पाणी गुलाबी झाले.

"हे विहिरीचं नाही, आजोबा. यात क्लोरीन आहे. नळाचं पाणी आहे हे."

माझा तोल सुटला. मी ओरडलो — होय, ओरडलोच — की माझा भाऊ देवाला फसवणार नाही! वडिलांच्या शब्दाबाहेर तो कधी गेलेला नाही! त्याच्याविषयी असे बोलण्याचा तुम्हाला अधिकार काय?

दारात सूनबाई उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "बाबा, आत्ताच म्हणालात ना, काकांनी वैरानं रंग कालवला?"

बाई अहवाल ठेवून गेल्या. जेवलो नाही. देवासमोर बसलो, पण कोणते स्तोत्र म्हणावे ते सुचेना. पाठ असलेली सगळी पाण्याचीच होती.

२४ ऑक्टोबर, रविवार

पहाटे भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. धाकटा दोन कॅन घेऊन आला, एक खाली ठेवला, दुसऱ्याचे झाकण उघडले आणि तांब्यात पाणी ओतू लागला. मला पाहून थबकला. काठोकाठ भरल्यावरच बोलला. "आम्ही पीत नाही ते देवाला कसं घालू, दादा?"

"मला सांगितले का नाहीस?"

"सांगायला आलो होतो ना. बाटली घेऊन."

घरी येऊन प्रतिज्ञापत्रावर सही केली. 'होत आहे' तसेच ठेवले. त्याच्या आधी मात्र चार शब्द घातले — 'माझ्या हट्टापायी अकरा वर्षे'. अर्धविराम हेही परत पाठवील, पाठवो. उद्या पहाटे नळावर मी जाणार आहे. दोन नाही, पण एक कॅन उचलवेल.