ग गंजाचा

आई,

कालचा धरून चाळीस दिवस झाले, झोपण्याआधी मी तोंड एकदाच धुते. ही काय सांगायची गोष्ट आहे असं कोणीही म्हणेल. तू म्हणणार नाहीस, म्हणून तुला लिहिते आहे. बाबांना सांगण्यासारखा हा विषय नाही. मी आता वर्ध्यात नालवाडीला एक खोली घेऊन राहते, शाळेत शिकवते आणि शनिवारी पॅसेंजरनं सिंदीला घरी जाते. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते. तेव्हा गालांवर ज्या पुळ्या उठल्या होत्या त्या अकरा वर्षांत गेलेल्या नाहीत.

शाळेत नाव घालायच्या आधी तू मला स्वयंपाकघरातच शिकवलंस. परातीत पीठ पसरायचं आणि बोटानं अक्षर काढायचं. क कढईचा, त तव्याचा, ग गंजाचा. पुढे वर्गात मी ‘ग गंजाचा’ म्हटलं, तर पुण्याकडून बदलून आलेल्या बाई म्हणाल्या, गंज तर लोखंडाला चढतो, तो काय शिकवायचा? सगळी पोरं हसली. मी रडत घरी आले तेव्हा तू पोळ्या लाटत होतीस. लाटणं न थांबवता म्हणालीस, “लोखंडाले चढते त्याले जंग म्हणतात. गंजात आपण वरण शिजवतो. जाय, सांग तुया बाईले.” मी काही सांगितलं नाही.

अक्षरांसोबत भांडीही तूच शिकवलीस. तेलकट गंज राखेनं घासायचा, धुवायचा आणि ओलं बोट काठावरून ओढायचं. कुर्र वाजलं तर तेल निघालं, नाही वाजलं तर पुन्हा राख. मला त्या आवाजाची कधीच पुरती खात्री वाटायची नाही, म्हणून एकच गंज मी चारदा घासायचे. तू शेजारच्या काकूंना सांगायचीस, “माह्या पोरीच्या हातचा गंज पाहा, आरशावानी.” ते कौतुक मी फार मनावर घेतलं.

म्हणून चेहरा तेलकट व्हायला लागला तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. न्हाणीत जायचं, कपड्यांची साबणवडी घ्यायची, पंच्याच्या खरबरीत कोपऱ्यानं घासायचं, मग गालावरून बोट ओढायचं. कुर्र वाजेपर्यंत. त्या संध्याकाळी तू दारात येऊन उभी राहिलीस ते मला कळलंच नाही.

“काऊन एवढं घासून राह्यली वो? तोंड हाय का गंज हाय?”

“तेल निघतच नाई.”

“नाईच निघणार. जेवढं ओरबाडशील तेवढं वर येईन. पाणी मार, टिपून घे अन् सोडून दे त्याले. हात लावू नोको.”

“सोडून दिलं तर तुयासारखं होईन.”

तुझ्या दोन्ही गालांवर खड्डे होते. त्यांच्याबद्दल घरात कोणी कधी बोलत नसे, आणि मी बोलले. तू माझ्या हातातून वडी काढून घेतलीस, तिच्यावरचा फेस धुतलास, वरच्या फळीवर ठेवलीस. “माह्यं सोडून दिल्यानं नाई झालं,” म्हणालीस. “माह्या नखांनी झालं.” मग गायीला चारा टाकायला निघून गेलीस. मी माफी मागितली नाही. त्याच हिवाळ्यात तू गेलीस.

दीड महिन्यापूर्वी हिंमत करून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या साताऱ्याकडच्या. दिवसातून किती वेळा धुता, म्हणाल्या. मी सहा सांगितलं. आठ होतं. तोंड गंजासारखं घासते म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “गंज चढलाय कशाला?” पातेल्याला आम्ही गंज म्हणतो, हे या वेळी मात्र मी नीट सांगितलं. त्या खूप हसल्या आणि चिठ्ठीवर लिहू लागल्या. रात्री सौम्य फेसवॉशनं एकदा, बोटांनी, हलकं. टिपून कोरडं करायचं. मग मुगाएवढं मलम सगळ्या चेहऱ्यावर पातळ लावायचं, नुसतं पुळीवर नाही. वरून हलकं मॉइश्चरायझर. तिथे मी अडले. तेलकट चेहऱ्यावर आणखी काही चोपडायचं? त्या म्हणाल्या, कोरडा पाडला तर तो जास्त तेल सोडतो. आणि मला तू दिसलीस, धुतलेला तवा चुलीच्या धगीवर सुकवून त्यावर तेलाचं बोट फिरवताना. “कोरडा ठेवला त जंग चढते,” असं म्हणायचीस. तवा आणि गंज मी एकाच दिवशी शिकले होते, पण लक्षात फक्त गंज ठेवला.

डॉक्टरीणबाई असंही म्हणाल्या की डाग हळूहळू जातील, पण खड्डे पडले तर सहजी जात नाहीत. तीन महिने नखं चेहऱ्यापासून लांब ठेवा.

पहिले पंधरा दिवस पुळ्या वाढल्या, हनुवटी सोलली. तसं होईल हे त्यांनी आधी सांगितलं होतं, तरी ट्यूब दोनदा कचऱ्यात टाकून परत काढली. शाळेत एक मॅडम रोज मागे लागतात, “अहो बेसन-लिंबू लावा, माह्या नणदेचं आठ दिवसांत गेलं!” मी हसून नको म्हणते. रात्री बातम्या संपल्या की चार गोष्टी करते आणि आरसा भिंतीकडे फिरवते. हात उठतो. मी तो मांडीखाली दाबून बसते. तीन महिने हे करणार आहे, आणि गरज पडली तर त्यानंतरही. कपाळ आता निवळलंय. गालांचं अजून सांगता येत नाही.

हे पत्र पाठवायला जागा नाही, वहीतच राहील. पण एक गोष्ट चाळीस दिवस टोचते आहे. घरात कोणाला असा त्रास होता का, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी “नाही” म्हणाले. त्यांनी तसंच कागदावर लिहून घेतलं. सोमवारी पुन्हा जायचं आहे. खुर्चीत बसल्याबसल्या आधी तेवढं दुरुस्त करून घेईन.