प्लग तुमच्याच खिशात आहे

बाबा,

मोटरसायकल चोरीला गेलेली नाही, मी नेली आहे. दादा घर सोडून गेल्यापासून दर शनिवारी तुम्ही तिचा प्लग काढून शर्टाच्या खिशात ठेवता, मी त्याच्याकडे जाऊ नये म्हणून. तो खिशातच असेल, चाचपून बघा. पण मेकॅनिकच्या मुलीला दुसरा प्लग बसवायला किती वेळ लागतो?

आज संध्याकाळी दादाची कॉन्सर्ट आहे. "ड्रम बडवायचे असतील तर या घरात नाही," असं तुम्ही ज्याला सुनावलंत, त्याला ऐकायला लोक तिकीट काढून येणार आहेत. उद्या दुपारपर्यंत परत येते. चेन ताणली आहे. मागच्या चाकात हवा जास्त भरली आहे, कारण दोघींचं वजन आहे.

हो, दोघींचं. आईला शोधत शेजाऱ्यांकडे जाऊ नका. मी नको म्हणत होते, तर म्हणाली, "तू गप गाडी काढ." तिने दादाचं हेल्मेट घातलंय. भंगारात दिलं म्हणाला होतात ना, ते माळ्यावर कापडात गुंडाळलेलं सापडलं. त्यावर धूळसुद्धा नव्हती.

जेवण झाकून ठेवलंय. रागाच्या भरात फोन बंद करू नका.

बाबांनी कसं येऊ दिलं, असं दादा विचारणारच. काय सांगू म्हटल्यावर आई म्हणाली, "सांग, त्यांनीच गाडी तयार करून दिली."

मी तसंच सांगणार आहे. मग तो तुम्हाला फोन करेल. तेव्हा काय बोलायचं, ते तुम्ही ठरवा.

धाकटी