गुडघ्याखाली चार बोटं

आई, मुलींच्या कबड्डी संघाचे कपडे यंदा कुणाकडून घ्यायचे यावर आमच्या कॉलेजात दोन बैठका झाल्या. एक मागच्या आठवड्यात, दुसरी काल. तुला हसू येईल, बारा मुलींच्या पँटी नि जर्स्या, आणि त्यासाठी प्राचार्य, ऑफिसचे अधीक्षक, दोन प्राध्यापक आणि क्रीडाशिक्षिका म्हणून मी, असे पाच जण चहा घेत बसलो होतो. तू शिवलेले कपडे घालून महाडच्या ज्या कॉलेजात मी खेळले तिथेच आता खेळ शिकवते, हे तुला ठाऊक आहे. नोकरी लागली तेव्हा तू होतीस. त्यानंतर कपडे देणारे आम्ही किती बदलले ते तुला ठाऊक नाही. मुंबईवाल्याचे पाठीवरचे आकडे दोन धुण्यांत सोलून यायचे. मग पुण्याचा आला, त्याचा निळा दर वर्षी वेगळा निघायचा. आता एक जण मोबाइलवरच नमुने पाठवतो, पाठीवर मुलीचं नाव छापून देतो, आणि खरं सांगायचं तर कापड चांगलं असतं, घाम धरत नाही, मुली मिरवतात. जुन्याचं कौतुक करायला मी हे लिहीत नाहीये. लिहितेय ते अशासाठी, की पहिल्याच बैठकीत तुझा विषय निघाला.

जवळच्या तुडील गावच्या बायकांचा एक बचत गट आहे, शाळेचे गणवेश शिवतो. आमच्याकडे नव्या लागलेल्या एक प्राध्यापिका म्हणाल्या, या वेळी त्यांना देऊन पाहू. बाहेरून येतात त्या तीन मापांत आपल्या मुली एक तर बुडतात, नाहीतर आवळून जातात. प्राचार्य मान हलवत होते. तेवढ्यात अधीक्षक म्हणाले, "नको मॅडम. पूर्वी पोलादपूरच्या एका बाईंकडे हे काम होतं. कच्ची शिलाई. ऐन सामन्यात मुलीची पँट उसवली, कॉलेजची शोभा झाली. तेव्हापासून आपण इथे शिवायला देत नाही." हे गृहस्थ त्या वर्षी नुकते कारकून म्हणून लागले होते, तुला त्यांनी कधी पाहिलंही नसेल. पण गोष्ट त्यांच्या टेबलापर्यंत पोचली आणि तिथे राहिली. पुरात सावित्री नदीचं पाणी ऑफिसात शिरलं तेव्हा जुन्या फायली, संघांचे फोटो, सगळ्याचा चिखल झाला. ही गोष्ट तेवढी कोरडी राहिली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण खेळातलं मला कळतं. मी म्हटलं, पुढच्या बैठकीत ठरवू, आणि कप तोंडाला लावला. त्यात चहा नव्हता.

मुलींचा पहिला संघ कसा जमला हे कॉलेजात आता एकट्या मला माहीत आहे. तेव्हाच्या आमच्या खेळाच्या सरांना मुलींची कबड्डी सुरू करायची होती, पण पळणाऱ्या, दमाच्या मुली सगळ्या पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या, आंबेनळी घाटाकडच्या वाड्यांतल्या. सर एकदा एसटीने वर जाऊन सगळी घरं फिरले, प्रत्येक घरी चहा प्यायले आणि एकही मुलगी न मिळवता परत आले. मग त्यांनी तुला नुसतं शिवायला सांगितलं, कारण महाडचे शिंपी पुरुष, मुलींची मापं कोण घेणार? तू म्हणालीस, मापं घ्यायला मीच वर जाते. मला वही धरायला बरोबर घेतलंस. मला वाटलं होतं तू सरांसारखं भाषण करशील, मुलींनी शिकावं, खेळावं वगैरे. तू कसलं! स्वयंपाकघरात शिरलीस, चुलीपुढच्या आजीच्या शेजारी बसलीस, नाचणी कशी झाली ते विचारलंस, कुणाची सून बाळंत झाली ते विचारलंस, आणि मुलीला उभी करून कमरेला टेप लावता लावता आजीलाच म्हणालीस, "आजे, गुडघ्याखाली किती बोटं ठेवू?" म्हातारीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, नातीच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "चार ठेव. नाय, पाच ठेव. उड्या मारताना वर जाईल." झालं. मुलीला पाठवता का, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. उतरताना वाटेत तू मला सांगितलंस, "पाठवता का इचारलं तर मान्सं नाय म्हनतात गो. किती बोटं ते इचारलं तर बोटं मोजायला लागतात." मी तेव्हा ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझं लक्ष चपलेचा अंगठा तुटला होता त्याच्याकडे होतं.

असा बारा मुलींचा संघ उभा राहिला, आणि प्रत्येकीची पँट वेगळ्या लांबीची. कुणाची चार बोटं, कुणाची सहा, एकीची तर पोटरीपर्यंत, कारण तिच्या चुलत्याला विचारलं होतं. तू मलाही चार बोटं ठेवलीस. मी भांडले, माझ्या घरी कोण नको म्हणतंय? तर तू म्हणालीस, माझीच पोर आखूड घालते म्हटल्यावर मी कुठल्या तोंडाने वर जाऊ? आणि दोन पायांच्या मधोमध तू पतंगासारखा एक तुकडा लावायचीस, पाय कितीही फाकले तरी शिवणीवर ताण येऊ नये म्हणून. त्याने पँट जरा फुगायची. रोह्याच्या स्पर्धेला आम्ही मैदानावर उतरलो तेव्हा समोरचा संघ एकसारख्या चकचकीत कपड्यांत उभा होता, त्यांच्यातल्या एकीने आमच्याकडे बघून विचारलं, तुमच्यात एकीला चड्डी नि एकीला लेंगा असं का? सगळ्या हसल्या. मी कर्णधार होते, आणि मलाही हसू आलं, आई. आपल्याच मुलींकडे बघून आलं. तिथून परत येताना मी मनाशी पक्कं केलं की मी तरी हे घालणार नाही.

तू दोरे आणायला महाडला गेली होतीस त्या दुपारी मी पँट उसवली. मधला तुकडा काढून टाकला, बाजू आवळल्या, चार बोटं वर दुमडून कापली. घाईत मशीनचा टाका मोठाच राहिला. घालून आरशात पाहिली तर फार छान दिसत होती, मला आजही आठवतं, मी दोनदा वळून पाहिलं. तुला कळू नये म्हणून ती पिशवीच्या तळाशी ठेवली आणि पुढच्या सामन्यात घातली. तिसऱ्याच चढाईला एकीने घोटा धरला, मी मध्यरेषेकडे झेप टाकली, आणि पँट या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवत गेली. सगळं मैदान बघत होतं. मी तिथेच मातीत बसून राहिले. सरांनी टॉवेल आणून टाकला, आणि बाजूला नेऊन विचारलं, काय झालं गं? खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "शिलाईच कच्ची आहे सर. आई घाईत शिवते." कुणी मला बोलायला भाग पाडलं नव्हतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं, असं वाटलं.

बाहेरून तयार कपडे घ्यावेत असं कॉलेजात काही जणांना वाटतच होतं. सर आतापर्यंत तुझ्या बाजूने बोलायचे, आता त्यांना बोलायला जागा उरली नाही. तरी भला माणूस, चिठ्ठी न पाठवता स्वतः पोलादपूरला आपल्या घरी आले. पायरीशेजारच्या खुर्चीवर बसले, आढेवेढे घेत सांगितलं की या वर्षीपासून मुंबईहून मागवतोय. तू विचारलंस, का? ते माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी सांगितलं. तू मला म्हणालीस, "आण गो ती पँट." आणल्याशिवाय सुटका नव्हती. तू ती उलटी केलीस आणि शिवणीवरून अंगठा फिरवलास. मोठे टाके, एकेरी शिलाई, मधला तुकडा नाही. तुझ्या हाताचं काम तुला अंधारातही ओळखू आलं असतं, आणि माझं तर भर दुपारी तुझ्या मांडीवर पडलं होतं. मी दाराला टेकून उभी होते. वाटलं, आता तू मान वर करशील नि सगळं सांगशील. तू पँटची घडी घातलीस आणि म्हणालीस, "माझीच चूक झाली सर. घाईत शिवली." सर म्हणाले, होतं असं कधीकधी. मग तू त्यांच्यासाठी चहा टाकलास.

तू मला मारलं नाहीस, रागावलीही नाहीस. चारेक दिवसांनी भाकऱ्या थापताना, माझ्याकडे न बघता एवढंच म्हणालीस, "उसवायची होती तर मला सांगायचंस. मी नीट उसवून दिली असती." एवढ्या वर्षांत मला पुष्कळांनी पुष्कळ बोलून घेतलंय, नवऱ्याने, सासूने, प्राचार्यांनी. त्यातलं काही लक्षात नाही. हे वाक्य मात्र लक्षात आहे.

मुंबईहून कपडे आले. एकसारखे, चकचकीत, गुडघ्याच्या वर. ज्या आजीने पाच बोटं सांगितली होती तिची नात, आमची सगळ्यात चपळ चढाईवाली, ती पँट घेऊन घरी गेली आणि परत आलीच नाही. तू म्हणालीस, मी वर जाऊन येते, खाली पट्टी लावून देते, तिची आजी ऐकेल. आणि मी तुला म्हटलं, "आता तुझं काय काम आहे तिथं? तू कॉलेजची कोण?" तू हातातली पिशवी परत खुंटीला लावलीस. वर्षाच्या आत त्या मुलीचं लग्न होऊन ती मुंबईला गेली. आणखी दोघी गळल्या. पोलादपूर केवढंसं, कॉलेजचं काम गेलं, शिलाई कच्ची निघाली, हे बाजारात सगळीकडे झालं. लग्नाचे ब्लाउज तुझ्याकडे यायचे ते दुसऱ्या आळीत जायला लागले. तू फॉल लावत बसायचीस, जुने कपडे सैल-घट्ट करत बसायचीस. एकेकाळी बारा मुलींच्या मापांची वही सांभाळणारी बाई, आणि मी त्याच खोलीत अभ्यास करायचे. एकदाही तोंड उघडलं नाही. तू गेलीस त्या आजारपणात दोन महिने तुझ्या उशाशी बसले होते, तेव्हाही म्हणायचे, बरी झालीस की सांगेन. आणि नोकरीच्या ठिकाणी कुणी आईबद्दल विचारलं की मी म्हणत आलेय, आई घरीच असायची. तसं ते खोटं नाही, मशीन घरातच होतं.

पहिल्या बैठकीनंतर आठवडाभर मी धड जेवले नाही. मीच निवडलेले कपडे देणारे आठवत होते, एकाच्या जागी दुसरा, दुसऱ्याच्या जागी तिसरा, आणि एकदाही इथल्या बाईचं नाव सुचवायची माझी हिंमत झाली नव्हती, कारण सुचवलं की ती गोष्ट निघणार. ती तुडीलच्या बायकांच्याही आड येत होती, ज्यांनी माझं काही घोडं मारलेलं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, घरात कुणाला दाखवायचंही नाही, मग निदान तुझ्याशी तरी सरळ बोलते. तू म्हणशील, मग काल बोललीस का? बोलले. अधीक्षकांनी पुन्हा तेच काढलं तेव्हा मी म्हटलं, "त्या बाईंची शिलाई पक्की होती. मुलीनेच घरी पँट कापून आवळली होती, म्हणून ती फाटली. दोष बाईंचा नव्हता." आवाज जरा चढला असावा, कारण प्राचार्यांनी कप खाली ठेवला. अधीक्षक वाईट माणूस नाही, ते म्हणाले, अरेरे, मग उगाच बोल लागला त्यांना. तिथल्या तिथे ठरलं, या वर्षी मुलींचे कपडे तुडीलच्या बायका शिवतील आणि मापं मुलींच्या घरी जाऊन घेतली जातील. हे मापांचं मी घालायला लावलं. सगळं चांगलं झालं, आई. एवढ्यावर मी उठायला हवं होतं.

प्राचार्यांनी सहज विचारलं, कोण होती हो ती मुलगी? मी म्हटलं, बरीच वर्षं झाली, नाव काही आठवत नाही. कुणाला संशय आला नाही. फोटो गेलेत, सर गेलेत, माझं आडनाव बदललंय. कागद गोळा करता करता त्या नव्या प्राध्यापिकेने विचारलं, "मॅडम, तुम्ही पण पोलादपूरच्याच ना? ओळखत होतात त्या बाईंना?" ती माझ्याकडे बघत उभी होती, चांगली मुलगी आहे, सांगितलं असतं तर तिने समजून घेतलं असतं.

"तोंडओळख होती," मी म्हणाले.