मैदान मंगलीला, विनाअट

मी, सत्यशीला लटारू खोब्रागडे, वय ७२ वर्षे, अविवाहित, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉ. दिव्यानी शेंडे यांनी मला तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव टाकलेला नाही. टाकून पाहिला होता, त्याचा उल्लेख पुढे येईल.

दोन वर्षांपूर्वी नोंदवलेले माझे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. त्यात एक अट होती. ती अट का काढली हे कलम ४ मध्ये लिहिले आहे, म्हणजे माझ्यामागे कोणी तर्क लढवत बसणार नाही.

१. राहते घर. हे मी माझ्या पगारातून बांधले. ते माझा पुतण्या धम्मदीप श्रावण खोब्रागडे याला द्यावे. मागची खोली आणि स्वयंपाकघर मात्र रुखमा हयात असेपर्यंत तिच्याकडे राहील. रुखमा आमच्या आश्रमशाळेत स्वयंपाकीण होती आणि निवृत्तीनंतर माझ्याकडेच राहते. तिला कोणी "अजून किती दिवस?" असे विचारू नये. विचारल्यास घर रुखमाचे, असे वकिलांकडून लिहून घेतले आहे.

२. बँकेतील ठेव. निम्मी रुखमाला. उरलेल्या रकमेतून माझ्या जुन्या आश्रमशाळेतील मुलींना बूट घ्यावेत, दरवर्षी, पैसे संपेपर्यंत. पायाचे माप घेऊन घ्यावेत. सरसकट एकाच मापाचे घेणाऱ्या एका मुख्याध्यापकांशी मी वर्षभर बोलले नव्हते. ते आता नाहीत, पण माझे मत बदललेले नाही.

३. साहित्य. लोखंडी रोलर, चुन्याची रेषा मारायचे यंत्र, दोन भाले, कबड्डीच्या चटया आणि माझी शिट्टी मंगलीला (ती कोण, ते कलम ४ मध्ये). शिट्टी उकळून घ्यावी.

४. मैदान. ब्रह्मपुरीहून वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची ही जमीन मूळची माझ्या वडिलांची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर. वडिलांनी हयातीतच नोंदणीकृत वाटणी केली. रस्त्यावरचे दुकान माझा भाऊ श्रावण याला मिळाले आणि ही बांधी मला. श्रावणने दुकान विकले. मी बांधी सपाट करून मैदान केले. ही जमीन सर्वांची आहे असे धम्मदीप अधूनमधून म्हणतो. वाटणीपत्र कपाटात आहे, त्याने वाचावे.

हे मैदान मी मंगली इसरू उसेंडी हिला देत आहे. ती सध्या वनरक्षक म्हणून नोकरीत आहे. मूळ गाव धानोरा तालुक्यात, जिल्हा गडचिरोली. ती शेतकरी कुटुंबातील असल्याने शेतजमीन तिच्या नावे होण्यास अडचण नाही. मंगली माझी नातेवाईक नाही. त्यामुळे तिला का, याचे कारण नोंदवणे योग्य.

मंगली सहावीत आमच्या शाळेत आली. कबड्डीत चढाई, खो-खोत पळती आणि भालाफेक, तिन्हीत ती जिल्ह्यात पहिली. मी निवृत्त झाल्यावर तिला कॉलेजसाठी माझ्या घरी आणले. विद्यापीठाच्या स्पर्धेत हैदराबादच्या एका प्रशिक्षकांनी तिला पाहिले आणि अमेरिकन फुटबॉलच्या क्लबमध्ये बोलावले. हा खेळ आपल्याकडच्या फुटबॉलसारखा नाही. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे असते आणि समोरच्यांनी पाडायचे असते. मंगली बाहेरच्या कडेला चेंडू झेलायची, मधून घेऊन पळायची, बचावातही उभी राहायची. एकदा लाथ मारणारी मुलगी आजारी पडली तर तेही हिने केले. पण तिचे खरे काम परतीचे. समोरचा संघ चेंडू लांब उंच मारतो, तो झेलून उलट त्यांच्या अंगावर पळत जायचे. तेव्हा समोरून अकरा जणी धावत येत असतात आणि आपण वर बघत उभ्या असतो.

हे तिला कोणी शिकवले नाही. रोवणीच्या वेळी पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या पेंढ्या बांधाच्या धुऱ्यावरून फेकतात आणि चिखलातल्या बायका झेलतात. मंगली ते लहानपणापासून करत होती. चिखल अंगावर उडू नये म्हणून पेंढी छातीपासून दूर, बोटांत झेलतात. तिचा झेल तसाच होता. प्रशिक्षक ओरडत, "सीने से लगाओ!" ती लावत नसे. चेंडू सुटतही नसे.

धम्मदीप एकदा सामना पाहून आला आणि म्हणाला, "आत्या, बॉल घेऊन पळाचं आन् लोकाइनं पाडाचं, याले करिअर म्हणते काय तू?"

मी म्हटले, "तू बी.कॉम. करून घरी बसला, त्याले काय म्हणतो?"

त्यानंतर त्याने मंडपाचा धंदा सुरू केला आणि चांगला चालवला, हेही नोंदवते.

राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या अंतिम सामन्यात मंगलीकडून चूक झाली. तिचा क्लब एका गुणाने पुढे होता, सामना संपत आला होता. समोरच्यांनी मारलेला चेंडू टप्पे खात मंगलीच्या मागच्या रेषेकडे चालला होता. तो तसाच रेषेपलीकडे जाऊ दिला असता तर नियमाप्रमाणे तिच्या संघाला चेंडू बराच पुढून खेळायला मिळाला असता. मंगलीने तो उचलला. दोघींना चुकवायला मागे वळली आणि आपल्याच रेषेपलीकडे पाडली गेली. याचे दोन गुण समोरच्यांना मिळतात. सामना गेला.

मी बाहेर तिला विचारले, "उचलला काऊन?"

ती म्हणाली, "पेंढी खाली पडली तं उचलाव लागते न, बाई. तशीच सोडून कोन जाते?"

आमच्याकडे पडलेली पेंढी कोणी ओलांडत नाही, हे खरे आहे. ते वळण हातातून काढायला आम्हाला पूर्ण उन्हाळा लागला. मी चेंडू घरंगळत सोडायची आणि मंगलीने नुसते उभे राहायचे. रुखमा डबा घेऊन यायची आणि बांधावर बसून हसायची. "एवढी शिकली पोरगी, आन् आता शिकून राह्यली काय, तं हात नाई लावनं!"

पुढच्या वर्षी तसाच चेंडू आला आणि मंगलीने सोडला. तेव्हा तिने दोन्ही मुठींत स्वतःचीच चड्डी घट्ट धरली होती. संघ त्या वर्षी उपांत्य सामन्यात वेगळ्याच कारणाने हरला. त्याच्या पुढच्या वर्षी जिंकला. भारताच्या संघातून ती दोनदा खेळून आली. नोकरी तिला खेळाडूंसाठीच्या राखीव जागेतून लागली. तीन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा मी समजले की खेळ संपला.

त्याच समजुतीने जुन्या मृत्युपत्रात अट घातली होती. मैदान मंगलीचे, पण तिने ब्रह्मपुरीत राहून दहा वर्षे मुलींना शिकवावे. न केल्यास मैदान धम्मदीपकडे जावे. धम्मदीपला तिथे लग्नाचे लॉन करायचे आहे. त्याने नकाशाही काढून आणला होता. त्यात रोलरच्या जागी कारंजे दाखवले होते.

या दिवाळीनंतर मंगलीला युरोपातील एका क्लबचे बोलावणे आले. एक हंगाम, राहणे-जेवण त्यांचे, पगार नाममात्र. नोकरीतून बिनपगारी रजा. गुडघा टिकेल की नाही हे डॉ. दिव्यानी शपथेवर सांगू शकत नाहीत. मी मंगलीला जुने मृत्युपत्र वाचायला दिले. ती वाचून थांबेल असे मला वाटले होते.

तिने कागद घडी करून टेबलावर ठेवला. "बाई, हे तं तुमी मले खुट्याले बांधून राह्यल्या."

"जमीन देत आहे मी."

"दावं बी देऊन राह्यल्या. जमीन धम्मदीपभाऊले द्या. मी चालली."

मी म्हटले, "गुडघा गेला तर?"

"तं लंगडत येईन. पन येईन का नाई, ते मले ठरवू द्या न."

पंधरवडाभर ती माझ्याशी कामापुरते बोलली. धम्मदीप त्या काळात दोनदा पेढे घेऊन आला. पेढे रुखमाने खाल्ले.

मी विचार केला. जिला समोरून येणाऱ्या अकरा जणींत वाट कुठे आहे हे माझ्याआधी दिसते, तिला मी दहा वर्षे कुठे उभे राहायचे ते लिहून देत होते. म्हणून अट काढली. मैदान मंगलीला, पूर्ण मालकीने. तिने तिथे मुलींना शिकवावे, धान लावावे, पडीक ठेवावे किंवा विकावे. लॉन करावे असे मात्र मला वाटत नाही. ही अट नाही, मत आहे.

५. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून धम्मदीपला नेमते. ज्याला खोडी काढायची असते त्याच्याकडेच जबाबदारी दिली की खोडीला वेळ उरत नाही. वर्गात मॉनिटर मी असाच निवडत असे आणि तो बहुधा चांगला निघत असे. धम्मदीपने हे वाचून रागावू नये. हिशेबाला तो स्वच्छ आहे.

६. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात. चौकात फ्लेक्स लावू नये. भाषणे दोनच, आणि उभे राहून, म्हणजे लवकर आटोपतात. मंडप धम्मदीपचाच असावा, पण छोटा.

७. मंगली येत्या मार्चमध्ये जाणार आहे. तिचा हंगाम चालू असताना माझा मृत्यू झाल्यास तिला कळवावे, पण बोलावू नये. ती "येऊ काय?" असे विचारेल. तेव्हा नाही म्हणावे. हे रुखमाने म्हणावे, धम्मदीपला ते जमणार नाही.

हे कलम मी काल मंगलीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "हे मी नाई मानत."

मी सांगितले की ज्याला मिळकत मिळते त्याच्या संमतीची मृत्युपत्राला गरज नसते.

"मंग हंगाम संपेपर्यंत मरू नका."

याबाबत मी तिला कोणतेही लेखी आश्वासन दिलेले नाही. सकाळच्या गोळ्या मात्र आजपासून वेळेवर घेत आहे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. खाडाखोड नाही. साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

(सही) सत्यशीला लटारू खोब्रागडे

साक्षीदार:
१. (सही) गुलाब तुकाराम नंदेश्वर, निवृत्त पोस्टमास्तर, ब्रह्मपुरी
२. (सही) डॉ. दिव्यानी शेंडे, ब्रह्मपुरी

ठिकाण: ब्रह्मपुरी
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२६