गंगुबाईची अविधवा नवमी

प्रिय अभय,

फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. आपली लालबागची खोली तुला ठाऊक आहे, मोरीत कुजबुजलं तरी खाटेवर नानांना ऐकू जातं. आणि खरं सांगू, बोलायचं त्राणही नाही रे. नानांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, मग ऑफिस, आल्यावर परत तेच.

तुला आणि प्राचीला तिकडे परदेशातून इटली जवळ, फिरायला गेलात आणि तिथल्या युद्धस्मारकातला फोटो धाडलास. दगडावर आजोबांचं नाव, मराठा पलटण. खाली लिहिलंस, आजोबा सापडले, नानांना दाखव. तुला आनंद झाला असेल. मी मात्र आठवडाभर तो फोटो कुणाला न दाखवता फिरले.

तुला आजी आठवते ती शेवटची, खोकणारी. मला तिचं ठसठशीत कुंकू आठवतं. नाना पोटात असताना आजोबा बोटीने लढाईवर गेले. पुढे बेपत्ता एवढंच कळलं, आणि आजी गाव सोडून परळच्या मिलमध्ये कामाला लागली. भावकी म्हणायची, बारा वर्षं झाली, गंगुबाई, आता दर्भाचा पुतळा जाळून त्याचे दिवस घाल. ती विचारायची, मेलेला बघितलाय कोणी? शेवटी हिरवा चुडा भरून, मळवट लावूनच तिला नेली. तेव्हापासून पितृपक्षात नाना तिची अविधवा नवमी करतात. आपल्याकडे ती नवरा जिवंत असेपर्यंतच करतात, त्यामुळे आजोबांचं पान आपल्या घरात कधी वाढलंच नाही. शेजारची मृणालिनी सवाष्ण म्हणून जेवायला येते आणि दर वर्षी हळूच विचारते, काय गं अनुजा, आजोबांनी शंभरी गाठली ना? मी हसते. नाना हसत नाहीत.

परवा शेवटी दाखवला फोटो. ज्या बापाला कधी पाहिलं नाही त्याच्या नावावरून नाना बोट फिरवत राहिले. मी आपली शहाणी, बोलून गेले की यंदा सर्वपित्रीला आजोबांचंही पान वाढू. पान वाढलं की आजी विधवा ठरते. एवढ्या आजारात नाना भडकले.

"माझ्या आवशीक मी रांडाव करूचंय नाय."

मग भिंतीकडे तोंड करून रडले. मला तुझा भयंकर राग आला. तू फोटो काढून मोकळा, निस्तरायला मी.

आता मुद्द्याचं. डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलंय, नवमीपर्यंत नाना राहतील असं वाटत नाही. नानांना ते न सांगताच कळलंय. काल मला जवळ बसवून म्हणाले, इथे आईची नवमी नेहमीसारखीच होऊ दे. पण माझ्या बापाला आजवर कोणी पाणी दिलं नाही, ते अभयने त्या दगडापाशी जाऊन द्यावं. बाप असताना मुलाने आजाला पाणी द्यायचं नसतं, तेव्हा मी गेल्यावर दे म्हणावं, आम्हा दोघांना एकदम. अभय, तू यावंस, चार दिवस तरी माझ्या जोडीला असावंस, असं मला फार वाटत होतं. पण नाना गेल्याचा माझा फोन आला की मुंबईचं तिकीट काढू नकोस, इटलीचं काढ. नानांना अग्नी मी देईन.

तुझीच,
थकलेली ताई